चिंगीचं स्वतःचं मत

तुमच्या-आमच्यापैकी कितीतरी घरांत पुस्तकं लपवून वाचली जातात. कारण घरात कुणीतरी एक जाणकार असतो, आणि आपलं आवडतं पुस्तक त्याच्या हाती लागलं की पुस्तकाची आणि आपली एकदमच शोभा होते.

या घरातले जाणकार म्हणजे चिंगीचे बाबा. ते एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत पुस्तकांवर लिहीत, म्हणून सारी इमारत त्यांना ‘परीक्षक’ म्हणे. माणूस मनाने वाईट नव्हता हो! लेकीवर त्यांचा भारी जीव. चांगलं-वाईट आपणच आधी सांगून टाकलं तर पोरीचा वेळ वाचेल, असं त्यांना अगदी मनापासून वाटे. बायकोची रहस्यकथा उशीखाली सापडली की ते ती दोन बोटांत धरून विचारत, “हे कुणाचं?” बायको म्हणे, “तुमच्या बायकोचं,” आणि पुस्तक काढून घेई. चिंगीला असलं काही जमत नव्हतं. ती नववीत होती आणि बाबांचा शब्द तिला अजून शेवटचा वाटायचा.

एकदा जेवताना तिच्या मांडीवर एक जाडजूड, कोपरे दुमडलेली कादंबरी होती. गोष्ट दोन मैत्रिणींची. त्यांतली एक गाव सोडून जाते, दुसरी मागे राहते. चिंगीची जिवाभावाची मैत्रीणही अशीच शाळा सोडून गेली होती. तेव्हापासून चिंगी मधल्या सुट्टीत एकटीच डबा खायची. घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं.

बाबांनी पुस्तक मागून घेतलं, मलपृष्ठ वाचलं आणि घास गिळायच्या आत निकाल दिला. “भावनांचा स्वस्त बाजार! कथानक विस्कळीत, पात्रं उथळ.”

“बाबा, तुम्ही वाचलंय हे?”

“काही पुस्तकं वाचावीच लागत नाहीत, बाळा.”

चिंगीने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. जेवणाचं पान मात्र तिने तसंच अर्धं टाकलं.

पुढच्या रविवारी वाचनालयात वाचकांचा मेळावा होता. प्रत्येकाने एका कादंबरीविषयी आपलं मत सांगायचं होतं. परीक्षक पहिल्या रांगेत बसले होते, शेजारी त्यांची थोरली बहीण. ती रुग्णालयात परिचारिका होती, आणि चिंगीची लाडकी आत्या. चिंगीचं नाव पुकारलं. ती माईकसमोर उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, “ही कादंबरी म्हणजे भावनांचा स्वस्त बाजार आहे. कथानक विस्कळीत आहे आणि पात्रं उथळ आहेत.”

टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्या टाळ्या अर्थातच बाबांच्या! आत्याने मात्र हात मांडीवरून उचलले नाहीत.

मेळावा संपला. चिंगी पुस्तक परत करायला रांगेत थांबली आणि बहीण-भाऊ बाहेर पायऱ्यांवर आले.

“काय बोलली पोर! ऐकलंस ना, ताई?”

“ऐकलं की. तू फार छान बोललास.”

“मी कुठे बोललो?”

“मग कोण बोललं? तोंड तिचं होतं, एवढंच. अरे, ते पुस्तक तिने माझ्या घरी बसून दोनदा वाचलंय. हुंदके देऊन रडली पोर.”

परीक्षक गोंधळले. “रडली? का?”

“ते मी नाही सांगणार. बाप तू आहेस, तू विचार. आमच्या वॉर्डात कुणी दुखतंय म्हणालं, तर आम्ही कुठे दुखतंय ते विचारतो. तुझं दुखणं उथळ आहे, असं नाही सांगत!”

“पण ताई, चांगलं लेखन आणि सवंग लेखन यात काही फरक आहे की नाही?”

“असेल ना! घाल तिच्याशी वाद, मी कुठे नको म्हणते? पण आधी पुस्तक वाच. आणि त्याच्याही आधी तिचं ऐकून घे. आज तिने स्वतःला आवडलेल्या गोष्टीला चारचौघांत नावं ठेवली, आणि तू टाळ्या पिटल्यास!”

परीक्षकांच्या काळजात चर्र झालं. अरेरे! आपल्याच वाक्याला आपण टाळ्या दिल्या, आणि पोर मात्र तिथे एकटीच उभी होती! ते तसेच माघारी वळून आत गेले.

चिंगीचा नंबर आला होता. बाबांनी तिच्या हातातल्या पुस्तकावर हात ठेवला. “देऊ नकोस परत. मला वाचायचंय. पण आधी मला सांग, तुला कशी वाटली ही कादंबरी?”

चिंगीने त्यांच्याकडे पाहिलं. जरा विचार करून तिने विचारलं, “खरं सांगू, की बरोबर सांगू?”

बाबांचे डोळे भरून आले.

“खरं सांग, बाळा.”

कोपऱ्यातल्या बाकावर दोघं बसली. चिंगी आधी अडखळत, मग भरभर सांगू लागली. बोलता बोलता कादंबरीतली मैत्रीण मागे पडली आणि शाळेतली मैत्रीण आली, रिकामा बाक आला, एकटीने खाल्लेला डबा आला. ग्रंथपालबाई खिडक्या लावू लागल्या तरी बाबांनी तिला एकदाही मध्ये अडवलं नाही.

वाचकहो, पुस्तकाला नावं ठेवायचा हक्क तुम्हा-आम्हा सगळ्यांना आहे, मात्र ते वाचल्यावर. दुसऱ्याच्या आवडीला आपण हसतो, तेव्हा त्या पुस्तकाचं काहीही बिघडत नाही. आपल्या माणसाचं बोलणं तेवढं बंद होतं. आज तुमच्या घरात कुणी एखादी गोष्ट वाचत बसलं असेल, तर शेजारी जाऊन बसा. “काय चाललंय त्यात?” एवढंच विचारा, आणि मग जरा गप्प राहा.