गजांचा छाप

पानबाबांची स्वारी आली, की विणकरांच्या गल्लीतले माग थांबत. त्या दिवशीही बबनरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पितळी परात, परातीत 'गंगाजल', त्यात पिंपळाची पानं.

"पान खोटं बोलत नाही, माउल्यांनो! निर्मळ बाईचं कापड कोरं राहते. बाधा असली, की पान छाप सोडते!"

घरातल्या दोन्ही सुनांची कापडं बाबांनी आदल्या दिवशीच आपल्या हातानं 'तीर्थात' भिजवून ठेवली होती. थोरल्या देवकीच्या कापडावर पान दाबलं. काही उमटलं नाही. धाकट्या चंद्रकलाच्या कापडावरून पान उचललं आणि बघता बघता काळंभोर पिंपळपान उमटलं, शिरांच्या जाळीसकट!

बबनरावांची उमर रंगाऱ्याच्या भट्टीवर गेली होती. ते म्हणाले, "उकळल्याबिगर काळा चढतच नाही गा. हे माणसाचं काम नोहे."

झालं! आता शंका कोण काढणार? चंद्रकलाचा अपराध एवढाच, की मागे ती बाबांच्या प्रवचनात फिसकन हसली होती. सासूनं, जनाबाईंनी, तिला सुताच्या खोलीत कोंडलं. सकाळी बाबांची बैलगाडी तिला मठात नेणार होती, बाधा उतरेपर्यंत. मठातून परत आलेली बाई गल्लीत कोणी पाहिली नव्हती. नवऱ्यानं, केशवनं, बाहेरून कडी लावली. तिच्याकडे मात्र पाहिलं नाही.

ते कापडही तिच्याबरोबर आत टाकलं होतं. खिडकीतून ऊन भाजत होतं. ऊन अडवायला तिनं माठातल्या पाण्यात कापड भिजवलं आणि खिडकीच्या गंजक्या गजांवर घट्ट ताणून बांधलं. ऊन उतरल्यावर सोडलं, तर कापडावर काळ्या उभ्या रेघा! एकेका गजाची एकेक रेघ.

तिनं कापडाचं टोक जिभेला लावलं. तुरट. हिरडा! माहेरी मास्तर असलेले वडील हिरडा आणि हिराकस मिसळून शाई करत. हिराकस म्हणजे लोखंडाचंच मीठ. हिरड्याला लोखंड भेटलं, की काळं होणारच. म्हणजे परातीतल्या 'गंगाजलात' हिराकस होता!

सकाळी कडी निघाली, तशी ती कापड घेऊन थेट अंगणात आली. गल्ली पुन्हा जमली होती आणि बाबा परातीतली पानं उचलत होते.

"मामंजी, शाईले भट्टी लागते काय?"

"नाही वं... काहून?"

"मग हे पाहा. बाबानं माझं कापड हिरड्यात भिजवलं होतं. गजांचा छाप. आता गजांच्या अंगात कोणतं भूत शिरलं?"

गर्दीत कोणीतरी खुसखुसलं.

"भूतच बोलून राहिलं! आणा ते इकडे!" परातीतले ओले हात तसेच पुढे करून बाबांनी कापड हिसकलं. बबनरावांनी ते सोडवून घेतलं, उलगडलं. कापडावर पाच काळी बोटं उमटत होती.

"अरे बाप्पा! महाराजालेच बाधा झाली!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"आता माझं कापड बुडवा हिरड्यात," देवकी पुढे झाली. हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या तिच्या कापडावर चंद्रकलानं परातीतलं पान दाबलं. तोच पिंपळ! साध्या पाण्यात भिजवलेल्या दुसऱ्या कापडावर तेच पान दाबलं, ते मात्र कोरंच राहिलं.

बबनराव खाली बसले. "जलमभर काळा रंग चढवला मी. थंड्या पाण्यात कधी करूनच नाही पाहिला."

"म्हणूनच म्हणते, मामंजी, कोणी चमत्कार दाखवला, तर तोच आपल्या हातानं, आपल्या पाण्यात करून पाहायचा. मगच कोणाच्या दाराले कडी लावायची."

बाबांची बैलगाडी तिला न घेताच परतली. जनाबाई पुटपुटल्या, "चल वं, जेवून घे."

"आधी त्या खोलीची कडी उपटून काढा."

पक्कड केशवनंच आणली. या वेळी त्यानं तिच्याकडे पाहिलं.