रेफरीचा डावा डोळा

"बाहेरचा कागद खरा आहे का?" असं विचारत ती आत आली, तेव्हा दुकानात पेनल्टीवरून रण माजलं होतं आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

कागद सासऱ्यांनी लावला होता. आदल्या संध्याकाळी आपल्या मुलींचा फुटबॉल संघ उपांत्यपूर्व फेरीत एक-दोननं हरला, तोही ब्याऐंशीव्या मिनिटाला दिलेल्या पेनल्टीवर. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या सासऱ्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, 'सर्व रेफरींचे डोळे मोफत तपासून मिळतील', आणि कागद काचेवर चिकटवला. चष्म्याचं दुकान त्यांचं, डोळे तपासायची पदवी माझी. त्यामुळे विनोद ते करतात आणि निस्तरावा मला लागतो.

"रेफरीला खरा आहे," सासरे आपला चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले. "तुम्ही कोण?"

"रेफरी," ती म्हणाली.

बाकावर शेजारचे शिंपी बसले होते. कुठलीही गोष्ट तीनदा सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, म्हणून अख्खी गल्ली त्यांना 'रिप्ले' म्हणते. या स्पर्धेत रेफरीला व्हिडिओ बघायची सोय नव्हती, ती सगळी सोय रिप्लेंच्या मोबाइलमध्ये होती. सकाळपासून ते तीच पेनल्टी मागे-पुढे करत होते. आता त्यांचं बोट हवेतच राहिलं.

ती पंचविशीची असेल. उन्हानं रापलेली, केस घट्ट बांधलेले, पाठीला सॅक. तिनं घडी घातलेला फॉर्म माझ्यापुढे ठेवला. "राष्ट्रीय पॅनेलसाठी रेफरींची पळण्याची चाचणी आहे उद्या. दोन्ही डोळे सहा बाय सहा असल्याचा दाखला आज पाचच्या आत कार्यालयात द्यायचाय. नाहीतर पळायलाच उभं करत नाहीत."

घड्याळात पावणेतीन झाले होते. "आणि तुम्ही आज येताय?"

"फॉर्म येऊन आठ दिवस झाले. हिंमत आज झाली."

त्या आवाजावरून मी तिला ओळखलं. तीन आठवड्यांपूर्वी शाळांच्या फायनलला शिट्टी हिच्याकडे होती. माझ्या भाचीनं मारलेला चेंडू गोलरेषेच्या आत पडला की बाहेर, यावर हिनं खणखणीत आवाजात 'बाहेर' असा निकाल दिला, आणि मी कठड्यावर चढून बोंब मारली होती. माझ्या जिभेला हाड नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी मान खाली घालून तिला आतल्या खोलीत नेलं.

उजव्या डोळ्यानं तिनं तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला. मग मी उजवा झाकला. डाव्यानं चौथ्या ओळीनंतर गाडी अडली. मी म्हटलं, शेवटची ओळ बघा बरं, अंदाजानं तरी.

"ती मला उजव्या डोळ्यानं पाठ झालीय, ताई. तक्ता बदला."

बारा वर्षं मी डोळे तपासतेय. पाठ झालेली ओळ लोक म्हणून दाखवतात आणि वर माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघतात. असं कोणी सांगितलं नव्हतं. मी तक्ता बदलला. सहा बाय अठरा.

"हे तुला माहीत होतं," मी म्हटलं. तुम्हीचं तू कधी झालं, कळलं नाही.

"तीन आठवड्यांपासून. एक बाई ओरडत होत्या, आंधळी आहेस का म्हणून. तसं सगळेच ओरडतात, मी कानामागे टाकते. पण मागून कोणीतरी म्हणालं, अहो, यांचं चष्म्याचं दुकान आहे, यांना कळणारच. घरी जाऊन एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं." ती खुर्चीत ताठ बसून बोलत होती. "तो गोल होता की नव्हता, मला आजही सांगता येणार नाही. मला रेषा दिसलीच नव्हती."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. "ती मीच," मी म्हटलं.

"माहीत आहे. म्हणून तर इथे आले."

राग नव्हता तिच्या बोलण्यात. तो असता तर मी भांडून मोकळी झाले असते. मी नंबर काढला आणि तिला सांगितलं, मैदानात चष्मा चालत नाही, पण लेन्स चालते, तुझ्या फॉर्मवरच तसं लिहिलंय. फक्त ती स्वतःच्या हातानं घालता-काढता आली पाहिजे. पहिल्या वेळी कुणाला तास लागतो, कुणाला दोन दिवस यावं लागतं.

"माझ्याकडे दोन तास आहेत," ती म्हणाली. तिनं बाह्या वर केल्या आणि हात धुवायची जागा विचारली.

मोठा आरसा बाहेर काउंटरवर आहे, बाकासमोर. म्हणजे जे काय व्हायचं ते रिप्लेंच्या आणि सासऱ्यांच्या देखत. मी ट्रायलच्या डबीतून लेन्स काढली, तिच्या बोटावर ठेवली, पापण्या कशा धरायच्या ते दाखवलं. पहिल्यांदा लेन्स गालावर चिकटली. दुसऱ्यांदा फरशीवर पडली, सासऱ्यांनी गुडघे टेकून बॅटरीनं शोधली. ती निकामी झाली, मी दुसरी काढली.

इकडे वाद पुन्हा पेटला होता. रिप्लेंनी मोबाइल सासऱ्यांच्या नाकापुढे धरला. "पाय लागलाच नाही. बघा. बघा ना. पुन्हा बघा."

"अहो, बघितलं. पण त्याआधी आपल्या पोरी काय करत होत्या? पहिल्या अर्ध्यात मोकळ्या गोलसमोरून तीनदा चेंडू आभाळात. ते काय रेफरीनं मारले?"

"बाबा, तुम्ही आहात तरी कोणाच्या बाजूनं?" माझ्यानं राहवलं नाही.

"मी गोलच्या बाजूनं आहे, सूनबाई."

"घात केला तो कोचनं," रिप्ले म्हणाले. "साठाव्या मिनिटाला उजवीकडची ती चपळ पोरगी बाहेर काढली. तिथेच सामना गेला. तिथेच गेला."

"तिचा पाय गेला होता," रेफरी आरशातून म्हणाली. बोटावर लेन्स, डोळ्यातून धार. "पन्नासाव्या मिनिटापासून ती डाव्या पायावर वळत नव्हती. आणि ती गेल्यावर पेनल्टीपर्यंत आपल्या संघानं गोलवर एकही फटका मारला नाही. बावीस मिनिटं."

हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, आणि आम्ही सामना डोळ्यात तेल घालून बघितला होता.

"म्हणजे पेनल्टी बरोबर होती?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. अपराधी वाटलं की माझा आवाज चढतो.

"साफ चूक होती. पाय लागला नव्हता."

रिप्ले बाकावरून उठलेच. "ऐकलंत? ऐकलंत का?"

"पण त्या जागेवरून मीही दिली असती," ती म्हणाली. "चेंडू एकदम पुढे गेला आणि कालची रेफरी मागे राहिली. मागून बघितलं की कुणाचा पाय कुणाला लागला ते कळत नाही. चूक डोळ्यांची नव्हती, काका, पळण्याची होती. ऐंशी मिनिटं तीही पळालीय, सगळ्यांच्या बरोबरीनं. आपल्या मुली दमल्या की तुम्ही बिचाऱ्या म्हणता. ती दमली की आंधळी."

तिनं पुन्हा बोट डोळ्याकडे नेलं. पापणी मिटली. लेन्स दुमडली.

साडेतीन वाजले. रिप्ले हळूच जवळ आले. दिवसभर सुया ओवणारा माणूस, त्यांना सल्ला दिल्याशिवाय कसं राहवणार? "ताई, दोरा ओवताना आम्ही श्वास रोखतो. श्वास रोखा. आणि रडू नका हो."

"मी रडत नाहीये. डोळा रडतोय."

तिनं श्वास रोखून बघितला. पापणी आणखीच घट्ट मिटली. पावणेचारपर्यंत डोळा लालभडक झाला होता. माझ्यातल्या डॉक्टरणीला ते बघवेना. "आज राहू दे," मी म्हटलं. "पुढच्या वेळी दे चाचणी."

"पुढची वेळ दोन वर्षांनी. तोवर शाळांच्या पोरींचे गोल मी अंदाजानं देत बसू?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "काय चुकतंय ते सांगा. थांबायला सांगू नका."

मी तिच्या मागे उभी राहिले आणि पहिल्यांदाच तिच्या हातांकडे न बघता चेहऱ्याकडे बघितलं. मग दिसलं. "तू बोटाकडे बघतेस. येणाऱ्या गोष्टीकडे बघितलं की पापणी मिटणारच. आरशात आपल्या उजव्या डोळ्याकडे बघ. नजर हलवू नकोस. बोट येतंय, येऊ दे."

ती उजव्या डोळ्याकडे बघत राहिली. बोट आलं. पापणी थरथरली, पण मिटली नाही. लेन्स बसली.

माझा जीव भांड्यात पडला. सासऱ्यांनी टाळी वाजवली. तिनं दोन-चारदा उघडझाप केली, समोरच्या भिंतीवरची फ्रेमच्या कंपनीची बारीक अक्षरं वाचली, आणि मला म्हणाली, "आता काढायची कशी?"

"काढतेस कशाला? दाखला घे आणि पळ."

"एकदा जमलं ते नशीबही असेल."

तिनं ती काढली. लेन्सच्या द्रावणात धुतली, पुन्हा घातली. पुन्हा काढली, पुन्हा घातली. तिसऱ्या वेळी दहा सेकंदही लागले नाहीत. मगच ती आत येऊन खुर्चीत बसली. मी तिसराच तक्ता लावला आणि उजवा डोळा झाकला. शेवटची ओळ तिनं न अडखळता वाचली.

मी फॉर्म भरायला घेतला. उजवा, सहा बाय सहा. डावा, सहा बाय सहा. पुढचा रकाना होता, 'लेन्ससह की लेन्सशिवाय'. तिथे माझं पेन थांबलं.

"हा मी रिकामा ठेवते," मी हळू आवाजात म्हटलं. "कोणी विचारत नाही. पण एकदा कागदावर आलं ना, की कुठून तरी फुटणार. मग ज्या मैदानावर जाशील तिथे लोक तेच घेऊन बसतील. तुला ठाऊक नाही लोक कसे असतात." मला ठाऊक होतं. त्या लोकांत मी सगळ्यांच्या पुढे असते.

"लिहा," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"ताई, लिहा. जे आहे ते लिहा."

मी तरीही पेन टेकवेना, तेव्हा ती उठली आणि दारात जाऊन बाहेर बाकाकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "काका, मला डाव्या डोळ्यानं कमी दिसतं. आजपासून मी लेन्स लावणार. उद्या दुसरीकडून कळायला नको, म्हणून मीच सांगते."

रिप्लेंनी हातातला मोबाइल खिशात टाकला. सासऱ्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. आत मी तो रकाना भरला. 'डावा डोळा, लेन्ससह.' अक्षर जितकं स्वच्छ काढता येईल तितकं काढलं, सही केली, शिक्का मारला.

"लोक ओरडतील हो, ताई," रिप्ले म्हणाले. आवाजात खरंच काळजी होती.

"ओरडू द्या. तुम्हीही या ओरडायला." तिनं दाखला सॅकमध्ये ठेवला. "शिट्टी मीच वाजवणार आहे."

सव्वाचार झाले होते. कार्यालय गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिनं बुटाचे बंद आवळले, पायऱ्या दोन उड्यांत उतरली आणि धावत सुटली. मी दारात आले, आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "पळ गं! पळ!"