फुंकरबाबाचा अंगारा आणि बसचा पाईप

गॅरेजात मुंगी शिरायला जागा नव्हती. बस सुरू होती आणि इंजिनाच्या टर्बोजवळचा, धूर बाहेर नेणारा पाईप फाटून फटफट धूर ओकत होता. फुंकरबाबाने ओला अंगारा पळीने पाईपवर थापला, फुंकर मारली, काहीतरी पुटपुटला. आवाज हळूहळू बसला, धूरही थांबला.

"चमत्कार!" गर्दीने गॅरेज डोक्यावर घेतलं.

कोपऱ्यात बसचा मेकॅनिक रक्त थुंकत होता. सकाळी हाच पाईप फुटला, धूर बसमध्ये शिरला आणि दोन बायका बेशुद्ध पडल्या. पाईपमधला लवचीक जॉइंट तिसऱ्यांदा फाटला होता. बाबाने निकाल दिला, "ह्याच्या हाताने करणी केलीय. हात मोडा, गाडी सुटेल." बायकांच्या घरच्यांनी गॅरेजातले लोखंडी पाने उचलले. पण मेकॅनिकच्या जबड्यावर पहिला घाव घातला तो बसमालकाने, म्हणजे मेकॅनिकच्याच सख्ख्या थोरल्या भावाने.

मी शेजारच्या दवाखान्यातली डॉक्टर. मी पोचले तेव्हा दोघांनी त्याचा उजवा हात बाकावर दाबून धरला होता. दोन बोटं आधीच चेचली होती. भावाने पुन्हा घण उचलला होता.

"दादा, इंजिन ज्यावर बसतं ते माउंटिंग तुटलंय," तो फुटक्या तोंडाने सांगत होता. "इंजिन हलतंय. किती वेळा म्हटलं, अस्तराचा, जाळीवाला जॉइंट आण. तू तोच स्वस्तातला आणतोस."

"गप! बाबांनी गाडी बरी केली की नाही?"

माझं डोकंच फिरलं. मी त्या हातावर आडवी पडले. कुणीतरी माझी वेणी ओढली; मी त्याच्या नडगीवर लाथ घातली.

"बरी झालीय ना?" मी भावावर ओरडले. "मग दाब रेस! बाबा, तुम्ही बसा पाईपशेजारी. अंगारा तुमचाच आहे."

बाबा दोन पावलं मागे सरकला. "बाळे, इंजिनाला आज विश्रांती..."

भक्तांनीच त्याला उचलून तिथे बसवलं. दादाने बसमध्ये चढून रेसवर पाय दाबला. टर्बो किंचाळला, इंजिन थडथड उडायला लागलं, अंगारा मडक्यासारखा फुटला आणि तापलेला धूर बाबाच्या तोंडावर आदळला. दाढी जळाली, गालाची कातडी सोलली.

"मेलो! डॉक्टर! डॉक्टर!" मंत्र एकही आठवला नाही.

आता तेच पाने बाबाकडे वळले. मी त्याच्याही आडवी आले. मलमपट्टी करून घेताना तो पोपटासारखा बोलला: अंगारा म्हणजे भट्टी लिंपायची माती आणि काचपाणी, म्हणजे सोडियम सिलिकेटचा चिकट द्रव. तापलं की दगड होतो, भोक बुजतं.

"पण तो जॉइंट लवचीक असतो तो कशाला?" मी गर्दीला विचारलं. "इंजिन हलतं, पाईप तापून वाढतो, ते सगळं त्याने सोसायचं असतं. गुडघ्याला जन्मभर प्लास्टर घालून कुणी चालतं का? हा तुमचा मेकॅनिक तेच सांगत होता. आधी माउंटिंग बदला. मग दुपदरी जॉइंट घ्या, आत अस्तर, बाहेर विणलेली जाळी, आणि लांबीला पुरेसा. ओढून बसवलेला टिकत नाही."

लोकांनी हातातले पाने खाली ठेवले. दादाच्या हातून घण कधीच गळून पडला होता.

"डॉक्टर, ह्याचा हात वाचेल ना?"

"हात वाचेल. दोन बोटं कापावी लागतील."

दादा भावाजवळ जमिनीवर बसला. भावाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

वाचकहो, यंत्र बिघडलं तर यंत्र उघडा. माणूस फोडून आजवर एकही गाडी चाललेली नाही.