लटारूचा कौल

हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, बापा! फक्त ज्याची हौस त्याला ते भरावं लागत नाही.

आमचे हे, गुणवंतराव, ऊर्जानगरच्या पॉवर स्टेशनात शिफ्ट ड्यूटीला. त्यांच्या मित्राने अमेरिकेहून एक खेळ आणला. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात. "मी नदी उतरतो" म्हणायचं, फासे टाकायचे, अन् उतरलात की बुडालात ते फासे ठरवणार. यांना तर वेडच लागलं. सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर म्हणाले, "क्लबात एक रविवार ठेवू. सगळी कॉलनी खेळन." टेबलं यांनी मांडली, चहा-चिवडा माझ्या गळ्यात मारला. किल्ले अन् राक्षस इथे कोणाला कळणार, म्हणून गोष्टीत आपलं जंगल घातलं. वाघ, नाले, बांबूतोड. पण फाशांची जोडी एकच अन् टेबलं तीन. मग यांनी कवड्या काढल्या.

"काहो, कवड्या नोका ठेवू," मी म्हटलं. "इकडचे पुजारी कवड्या टाकूनच हरवलेल्या माणसाचं सांगतात. लोकं भलतंच समजतीन."

"आपण बौद्ध माणसं, सत्यशीला. कवडीत देव असते का?"

"आपल्यासाठी नसन. ज्याच्यासाठी हाय, त्याचं काय?"

हे कवड्या मोजायला लागले. शहाण्याला एकदा सांगावं लागतं, दीडशहाण्यापुढे तोंड दुखतं.

कपबश्या धुवायला ठमाबाई अन् तिची सून गुणाबाई आल्या होत्या. आमच्याच क्वार्टरांच्या ओळीत भांडी घासायच्या दोघी. ठमाबाईचा एकुलता एक मुलगा लटारू बांबू तोडायला गडचिरोलीकडे गेला, तो परतलाच नाही. सोबतचे म्हणाले, वाघाने नेलं. हाडूकही सापडलं नाही, म्हणून म्हातारी मानायला तयार नाही. अन् गुणाबाई बिचारी ना सवाशीण ना विधवा, वर्षानुवर्षं अशी लटकलेली. वरोऱ्याचा बिरजू, जिनिंगात कामाला असलेला, तिच्याशी पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायला तयार होता. पण त्यांच्यात रीत अशी की सासूने स्वतःच्या हाताने सुनेच्या गळ्यातली काळी पोत उतरवायची. तेव्हाच ती मोकळी. दुसऱ्या कोणाचा हात चालत नाही. किती मिनतवाऱ्या झाल्या तेव्हा कुठे म्हातारी हो म्हणाली. रविवारी खेळ अन् बुधवारी पोत उतरायची होती. त्या दिवशी गुणाबाई कपबश्या विसळता विसळता गुणगुणत होती. मी पहिल्यांदाच तिचा असा आवाज ऐकला.

दुपारी ठमाबाई चहाचा ट्रे घेऊन यांच्या टेबलाशी गेली. गोष्टीत एक बांबूतोड्या जंगलात हरवला होता अन् हे कवड्या खुळखुळवत होते. म्हातारीने ट्रे ठेवला, डोक्यावर पदर घेतला अन् खालीच बसली.

"भाऊ, माह्या लटारूचं पुसा."

मी यांच्या मागेच उभी होते. "नाई म्हणा," मी कुजबुजले. यांनी ऐकलं नाही. यांचेच डोळे भरले होते ना! मऊ माणूस, अन् त्याच मऊपणाने घात केला. कवड्या पडल्या, साऱ्या पालथ्या. खेळात पालथ्या म्हणजे माणूस मेलं. यांनी हाताआडून हळूच काही उलटवल्या अन् म्हणाले, "जिता हाय, बाई. सिरोंच्याकडे, गोदावरीच्या काठानं."

कॉलनीने टाळ्या वाजवल्या. टाळ्या! गुणाबाई दारात ओल्या हातांनी उभी होती. तिच्या तोंडाकडे मला बघवलं नाही.

बुधवारी पोत उतरली नाही. "नवरा जिता असताना पाट? थुत्!" म्हणून म्हातारीने बिरजूच्या माणसांना दारातूनच परतवलं. मला कळलं तशी मी यांना हाताला धरून तिच्याकडे घेऊन गेले.

"ठमाबाई, मी खोटं बोललो," हे म्हणाले. "कवड्या पालथ्याच होत्या. म्या हातानं फिरवल्या. खेळ होता तो."

म्हातारी हसली. "तुमी कोन फिरवनार, भाऊ? ज्याले सांगाचं होतं त्यानं तुमचा हात फिरवला."

"मंग तुमच्यासमोर पुन्हा टाकतो."

"एकदा पुसलं ते दुसऱ्यांदा पुसत नाईत. पुसलं त जित्याचा जीव जाते."

आता बोला! कोणाचं डोकं चालणार तिथे?

दोनचार दिवसांत म्हातारी भाकरी बांधून सिरोंच्याच्या बसमध्ये बसली. उन्हाळा लागला तरी परतली नाही. हे दोनदा जाऊन आले. काठावर विचारलं तर तेलुगू बोलणारे कोळी म्हणाले, एक म्हातारी मुलाचं नाव घेत नावेनावेला विचारत होती, पुढे कुठे गेली माहीत नाही. बिरजूने किती दिवस थांबायचं? त्याने होळीनंतर दुसरी केली.

गुणाबाई अजून आमच्याकडे येते. गळ्यात तीच पोत. मी एकदा चिडून म्हटलं, "तोड ना वं, मी तोडून देतो." तिने दोन्ही हातांनी गळा झाकला. "नोका बाई. सासूचाच हात लागते."

परवा हे जेवायला बसले होते. ती भांडी न्यायला आली अन् यांच्यासमोर थांबली. कधी थांबत नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "म्या काय वाईट केलं होतं तुमचं?"

यांनी ताट बाजूला सारलं. तिने ते उचललं अन् मोरीवर घासायला बसली.