सगळे ठिपके हिरवे

"ह्या म्याडमच्या अंगात फोन आलाय. देवी आली असती तर बरं झालं असतं, ती निदान नारळ घेऊन गप तरी बसती."

लक्ष्मम्मा मशीनला तेल घालता घालता शेजारणीला सांगत होती. मी माप घ्यायच्या पडद्यामागं उभी. तो पडदा म्हणजे माझीच एक जुनी साडी, त्यातून नुसता सुस्कारा टाकला तरी पलीकडं ऐकू जातो. माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बोलता आलं नाही, आणि तेच बरं झालं.

लोहाऱ्यात खताच्या दुकानावर एका खोलीत आमचं शिवण केंद्र आहे. संस्था तुळजापूरची, मशीनं संस्थेची, शिकवणारी मी. मला कुणी शिवण शिकवलं नव्हतं. माझ्या लग्नातले ब्लाऊज मी उसवले, कुठला तुकडा कुठं जोडलाय ते बघितलं आणि परत शिवले. ते अंगात बसेनात, मग पुन्हा उसवले. त्यामुळं संस्थेनं जेव्हा ऑनलाईन शिकवायचं पोर्टल आणलं, तेव्हा तेही मी तसंच शिकले. दिसेल ते बटण दाबायचं, बिघडलं की मागं यायचं. एकदा तर मी स्वतःलाच वर्गातून काढून टाकलं होतं आणि दोन दिवस मला माझाच वर्ग दिसत नव्हता.

मग तुळजापूरला एका लॉजच्या हॉलमध्ये आमचं प्रशिक्षण झालं. संस्थेचे भीमाशंकर सर पडद्यावर चित्रं दाखवत होते आणि एकच वाक्य फिरवून फिरवून सांगत होते, की पोर्टलकडून आणखी काम करून घ्या. जेवणानंतर बाकीच्या केंद्रांच्या बायका पेंगल्या. मी पेंगले नाही. परत आले आणि होतं नव्हतं ते सगळं चालू केलं. आधीचा धडा पुरा केल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही. प्रत्येक धड्याखाली प्रश्न. चर्चेसाठी एक फळा, त्याच्यावर मीच लिहायची आणि कुणी उत्तर देईना म्हणून मीच उत्तर द्यायची. आणि सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे आपोआप जाणारा निरोप. बाई मागं पडली की पोर्टल तिच्या नंबरवर कळवणार: 'आपण निष्क्रिय विद्यार्थी आहात.' हे वाक्य मला फार टोचलं. बदलायला गेले, पण तेवढं एकच बटण त्या पोर्टलवर नव्हतं.

नावापुढं ठिपका असतो. अभ्यास चालू असेल तर हिरवा, नसेल तर लाल. निरोप सुरू केला आणि आठवड्यात सगळे ठिपके हिरवे. भीमाशंकर सरांचा फोन आला, म्हणाले जिल्ह्यात तुमच्यासारखं केंद्र नाही. मी त्या दिवशी सगळ्या बायांना भजी खाऊ घातली. बाया भजी खात होत्या आणि एकमेकींकडं बघत होत्या. मला वाटलं, लाजतायत.

घोळ कळला तो मुंढ्यावर. मुंढा म्हणजे बाही जिथं जोडतात तो गोल. त्या धड्यावर सगळ्यांना भरघोस गुण, आणि मशीनवर बसवलं तर निम्म्या जणींच्या बाह्या उलट्या. पोर्टल उघडून बघितलं तर एक प्रश्न सगळ्यांचा चुकलेला, आणि चुकलेलं उत्तरही सगळ्यांचं एकच. अयोध्याचंसुद्धा. अयोध्या म्हणजे माझ्या वर्गातला सगळ्यांत चांगला हात. तिनं कात्री लावली की कापड जणू वाट बघत असतं. तिला हा प्रश्न चुकणं शक्यच नव्हतं.

पुढं एकदा मला माकणीला बहिणीकडं जायचं होतं, म्हणून बाया वर्ग सुटल्यावर ज्या जीपनं गावी जातात, तिच्यातच मी पुढं बसले. बाया मागून चढल्या, मला कुणी बघितलं नाही. जीप गावाबाहेर पडली तशी मागं राजनंदिनीनं आपला फोन काढला. ही आमच्यातली लहान, कॉलेजला जाणारी. सगळ्यांना पासवर्ड मीच ठेवून दिला होता, विसरू नयेत म्हणून एकच. आता अयोध्यावहिनी झाल्या, पुढं लक्ष्मम्मा, असं म्हणत ती एकेकीच्या नावानं धडा उघडत होती आणि खड्ड्याखड्ड्यातून प्रश्नांची उत्तरं दाबत होती. एका प्रश्नाला अडली तर जीपवाल्यानंच उत्तर सांगितलं. रोज ऐकून ऐकून त्याला कटोरी ब्लाऊज पाठ झाला होता. जो सगळ्यांचा चुकला, तो प्रश्नही त्यानंच सोडवला असणार.

जीपमध्ये मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी मात्र बसले नाही. लई बोलले. माझ्या डोळ्यांत धूळ फेकता, भजी खाता वर, असलं काय काय. मग प्रत्येकीला वेगळा पासवर्ड केला आणि नोंदवलेल्या नंबरवर पाठवून दिला. कुणाला काही अडचण आहे का, असंही विचारलं. कुणी मान वर केली नाही. लक्ष्मम्मा तेवढी म्हणाली की अडचण कशाची, तुमी म्हणताव तसं.

खरं सांगायचं तर त्या नंबरांकडं बघून मलाही कधीतरी काही वाटलं होतं. लक्ष्मम्माच्या नंबरावर मिशीवाल्या माणसाचा फोटो, एकीच्या नंबरावर ट्रॅक्टर. पण संस्थेची अट होती की ज्या बाईकडं स्वतःचा फोन आहे तिलाच प्रवेश. प्रवेशाच्या वेळी मी प्रत्येकीला विचारलं होतं, फोन आहे ना, आणि प्रत्येकीनं सांगितलं होतं, हाय की. मी पुढचं विचारलं नाही. कोण विचारतंय?

तर लक्ष्मम्मानं माझ्या अंगात फोन आणला, तो ह्या सगळ्यानंतरचा दिवस. ठिपके एकामागून एक लाल होत चालले होते. भीमाशंकर सरांचा आवाज फोनवर कोरडा झाला होता. लाल ठिपक्याची बाई परीक्षेला बसणार नाही असा नियमच आहे, आणि परीक्षा तोंडावर आलेली. पास होतील त्यांना सोलापूरच्या कारखान्याकडून शाळेच्या गणवेशांचं काम घरबसल्या मिळणार होतं. अयोध्यानं तर घरातला एक कोपरा झाडून मशीनसाठी रिकामाही करून ठेवला होता, मला मापं आणून दाखवली होती.

आणि अयोध्याच येईना झाली. विचारलं तर एक म्हणे ताप आहे, दुसरी म्हणे माहेरी गेली. राजनंदिनी म्हणाली वहिनींचा पाय मुरगळलाय. एका बाईला एका दमात इतकं सगळं होत नाही. मी लक्ष्मम्माला म्हटलं, तू तिच्याच गावची, चल मला घेऊन. ती यायला तयार नव्हती. पदर नीट करत राहिली, पिशवी शोधत राहिली, शेवटी आली.

अयोध्याचा नवरा ट्रकवर असतो, महिन्यातून कधी घरी. घर बघतात तिचे थोरले दीर, रेवणप्पा. त्यांची पिठाची गिरणी घराला लागूनच. आम्ही गेलो तेव्हा भुवयांपर्यंत पीठ लागलेलं होतं, तरी त्यांनी हात धुऊन, टोपी घालून आम्हाला ओसरीवर बसवलं. फार अदबीनं बोलले. मी कुठून कशी आले ते विचारलं, उन्हाबद्दल बोलले, चहाला आत सांगितलं. मी अयोध्याचं विचारलं की ते गिरणीच्या पट्ट्याबद्दल बोलायचे. लक्ष्मम्मा जमिनीकडं बघत होती.

शेवटी मी माझाच फोन काढला. म्हटलं, दादा, हे अवघड नाही, मी तुम्हाला दाखवते. धडा असा उघडायचा, इथं दाबायचं, तिचा ठिपका हिरवा झाला की ती परीक्षेला बसेल. मी भीमाशंकर सरांसारखंच बोलत होते, मला ऐकू येत होतं, पण थांबता येत नव्हतं.

रेवणप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग खिशातून आपला फोन काढला. काचेवर पीठ होतं, ते त्यांनी बाहीनं पुसलं आणि माझ्यापुढं धरला. निरोपांखाली निरोप. आपण निष्क्रिय विद्यार्थी आहात. आपण निष्क्रिय विद्यार्थी आहात. मग नवा पासवर्ड. मग आणखी: 'आपण या चाचणीत अनुत्तीर्ण झाला आहात.'

"पासवर्ड आला तवा म्हनलं, पोरीचं नुकसान नको," ते म्हणाले. "गिरणीवर बसल्या बसल्या म्याच उघडलं. इडिओ बघितला, समदे प्रश्न सोडवले. तीनदा बसलो बघा. कापडाची उभी बाजू, आडवी बाजू, काय मेळ लागंना. म्या बारावी झालेला माणूस, म्याडम. मला जमलं न्हाय तर तिला कुठून जमंल? तुमच्याच फोनानं सांगितलं नापास म्हणून. मग कशाला जीपभाडं आन् तुमाला तरास."

त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. खरोखर वाईट वाटल्यासारखं बोलत होते. मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं की तुमच्या भावजयीनं कापलेला ब्लाऊज एकदा बघा. पण ते सांगायचं तर ती चाचणी तिनं दिलीच नाही हे माझ्या तोंडून कबूल करणं आलं, आणि ते आलं की फोन कुणाचा हे आलं, आणि ते आलं की प्रवेशच रद्द. एकटीचा नाही, वर्गाचा. लक्ष्मम्मानं माझ्या गुडघ्याला हळूच हात लावला. मी तोंड मिटलं आणि म्हटलं, पोर्टलचं काय, कधी कधी चुकतं.

रेवणप्पा म्हणाले, मशीन कसं चुकंल.

तेवढ्यात अयोध्या चहा घेऊन आली. ती थोरल्या दिरापुढं बोलत नाही, त्या घरातली रीतच तशी. पदर कपाळाच्या खाली. कप खाली ठेवून ती आत जाईल असं मला वाटलं. ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच चौकटीला धरून उभी राहिली. पाय चांगला धड होता, तापही नव्हता. लक्ष्मम्मा पुटपुटली, आत जा गं. ती गेली नाही.

"म्याडम, माझ्याकडं फोन न्हाय," ती भिंतीकडं बघत म्हणाली. "राजनंदिनी सोडली तर वर्गात कुणाकडंच न्हाय. तुमी जे लिवताव त्यातलं एक अक्षर आमी वाचलेलं न्हाय."

लक्ष्मम्मानं डोळे मिटून घेतले. गिरणीत कुणीतरी दळणाचा डबा आपटून हाक मारली, रेवणप्पा उठले नाहीत. अयोध्यानं पदर कपाळावरून थोडा मागं सारला आणि मान वळवली.

"आन् भाऊजी, नापास तुमी झालाव. म्या न्हाय."