एकशे बारा नंबरची स्लाइड

“साधी,” समिना म्हणाली आणि तिने वहीत खूण केली. “पुढची लावा, मामा.”

मानसिंगचा हात स्लाइडवरच राहिला. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर दीडशे कोटी वर्षांपूर्वीची एक तपकिरी पेशी होती. वरवर बघता वाटाण्यासारखी गुळगुळीत. पण डाव्या कडेला, दुमडलेल्या भागाखाली, दोन बारीक पोकळ काटे होते. असे काटे साध्या जिवाणूला फुटत नाहीत. ही गुंतागुंतीची पेशी होती. माणूस, म्हैस, ऊस सगळे ज्या कुळातून आले त्या कुळातली. इतक्या जुन्या दगडात ती या प्रयोगशाळेत कुणाला सापडली नव्हती.

“काय झालं?”

“काय न्हाय,” म्हणत त्याने पुढची स्लाइड लावली.

बारामतीच्या त्या कॉलेजात तो सव्वीस वर्षं सहायक होता. लांबून आलेला काळा दगड आम्लात विरघळवायचा, गाळ धुवायचा, त्यातले डोळ्याला न दिसणारे जीवाश्म काचेवर बसवायचे. बावडा गावातल्या किराणा दुकानदाराची ही मुलगी पहिल्या वर्षाला आली तेव्हा भिंगातून तिला स्वतःच्या पापण्याच दिसायच्या. बघायला त्याने शिकवलं. आता ती डॉक्टर समिना होती. शोधनिबंधावर तिचं नाव, परदेशातून तिला बोलावणं. तिचं कौतुक कानावर आलं की मानसिंगच्या पोटात दुखायचं, आणि दुखतं म्हणून लाजही वाटायची.

रात्री वरकुट्याच्या घरी जेवताना बायकोने, सिंधुबाईने विचारलं, “आज गप का?”

“समिनाचं चुकलं आज.”

“मग सांगितलं का न्हाय?”

“तिला समदं येतंय. मी कशाला सांगू?”

सिंधुबाईने त्याच्या ताटात भाकरी वाढली. चूक परदेशातच कुणीतरी दाखवील, त्याच्या मनात आलं. मग येईल मामाची आठवण.

चार दिवसांनी समिना धावतच त्याच्याकडे आली. शोधनिबंध पाठवण्याआधी तिने सगळ्या स्लाइड पुन्हा तपासल्या होत्या. “मामा, एकशे बारा बघा. काटे हायत तिला!” आनंदाच्या भरात ती घरच्यासारखं बोलत होती.

त्याने बघितल्यासारखं केलं. “व्हय. हायत.”

“तुमच्या नजरेतून कसं काय सुटलं?”

सांगता आलं असतं. पण मग गप्प का राहिलात, हे तिने विचारलं असतं.

“दिसलं न्हाय,” तो म्हणाला.

तिचा चेहरा उतरला. “मीच तुम्हाला फार राबवते. उद्या डोळे तपासून घेऊ.” तिच्या आवाजात कीव होती. सव्वीस वर्षांत त्याच्या नजरेची कुणी कीव केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला आपल्या गाडीतून चष्म्याच्या दुकानात नेलं. आत ती त्याच्या मागच्या बाकावर बसली. दुकानदाराने त्याचा एक डोळा झाकला आणि समोरचा तक्ता वाचायला सांगितला. मानसिंगने तक्त्याकडे पाहिलं. चार अक्षरं चुकवली की भागणार होतं.

तो वाचू लागला. मोठी अक्षरं, मग लहान, मग सगळ्यांत खालची ओळ, न अडखळता.

“बास, बास. नजर पोरासारखी हाय तुमची,” दुकानदार म्हणाला.

मानसिंग थांबला नाही. तक्त्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याचं नाव होतं, तेही त्याने मोठ्याने वाचलं.

मागे समिनाच्या हातात गाडीच्या किल्ल्या मघापासून वाजत होत्या. त्या वाजायच्या थांबल्या. मानसिंगने मान वळवली नाही.