मागची चाकं

लोकरीचा तो धागा इतका शांत होता, की तिला त्याचा राग आला. बोटभर लांबीचा, लाल, नव्या गाडीच्या मातीच्या मॉडेलच्या पाठीवर चिकटपट्टीने डकवलेला... समोरून अजस्र पंख्याचा वारा घोंघावत येत होता, जाड काचेच्या अलीकडे उभं राहूनही त्याची थरथर तिला दातांत जाणवत होती, आणि हा मात्र छपरापासून डिकीपर्यंत उतरत गेलेल्या त्या गुळगुळीत पाठीवर झोपल्यासारखा पडून. आजूबाजूचे धागेही तसेच. विंचरून ठेवल्यासारखे.

"बघ," शेजारी उभा असलेला शिल्पकार म्हणाला. कंपनीच्या सगळ्या गाड्यांचा आकार तोच घडवी, म्हणून लोक त्याला शिल्पकार म्हणत, आणि त्यालाही ते आवडे. "एक तरी धागा फडफडतोय का? याला म्हणतात पाठ."

"म्हणूनच तर," ती म्हणाली.

म्हणूनच तर — पण पुढचं तिने किती वेळा सांगायचं? वारा पाठीला असा चिकटून खाली वळला, की वळता वळता तो पाठीलाच वर ओढतो. वेग वाढत जातो तशी मागची चाकं रस्त्यावर नुसती टेकल्यासारखी राहतात. सरळ रस्त्यावर कुणाला कळतही नाही, आणि अचानक स्टिअरिंग वळवावं लागलं, की गाडी मागून निसटते. मॉडेलखालचा वजनकाटा सकाळपासून तेच सांगत होता : पंखा जोरात फिरला की मागचा भार उतरलाच. आणि उपाय तो केवढासा! डिकीच्या कडेला एक बुटकी उभी पट्टी. वारा तिच्यापाशी अडखळतो, पाठीवर साचतो, मागची बाजू खाली दबते. शर्यतीच्या गाडीवर उलटा पंख बसवतात तो याच कामासाठी, आणि तिथे त्याला कुणी कुरूप म्हणत नाही.

"वर्षभर घासूनपुसून घडवलेल्या पाठीला तू हा पट्टीचा ओठ चिकटवणार, वारेबाई?"

वारेबाई. हे नाव पडलं तेव्हा कँटीनमध्ये किती हसले होते सगळे. तीही हसली होती, आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच ते टेबलावरच्या पाटीवर लिहून टाकलं होतं... मग हसणाऱ्यांची मजाच गेली.

"दुपारी मोठे साहेब गाडी बघायला येताहेत," तो आवाज खाली आणून म्हणाला. "तू फक्त एवढंच म्हण, वाऱ्याच्या बाजूने सगळं ठीक आहे. अगं, रोज ऑफिसला जाणारी माणसं घेणार ही गाडी. एवढ्या वेगात कोण चालवणार आहे?"

"जो चालवेल तो."

"झालं. धरलास हेका."

तो गेला. हेका... आईचा शब्द. दादा हट्टी आणि ही हेकट, आई म्हणायची, हट्टी माणूस निदान दमतो तरी. दादाही दमला नव्हताच, त्याला भिंतीने थांबवलं. ती तेव्हा कॉलेजात होती, शर्यतीच्या शेवटच्या वळणापाशी जाळीला बोटं अडकवून उभी — दादाची पांढरी गाडी वळणात शिरली आणि तिची मागची बाजू हळूच, खरंच हळूच, बाहेर सरकली, घसरगुंडीवरून मूल सुटावं तशी, आणि मग टायर रचलेली ती भिंत, आणि मग तो आवाज. दादा वाचला. गुडघा मात्र तेव्हापासून वाकत नाही. आता तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो आणि शिकणाऱ्यांना तिसऱ्या गिअरमध्ये जाऊ देत नाही, असं वहिनी सांगते. मी या वाऱ्याच्या धंद्यात आले ती त्या वळणामुळे. मला दुसरं कारण कधी लागलंच नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिने दादाला फोन लावला. त्याच्या मागे कुणीतरी क्लच सोडताना गाडी बंद पाडत होतं.

"दादा, आज मी भांडणार आहे. मोठ्या साहेबांसमोर. तुझं सगळं सांगणार."

"माझं काय सांगणार?"

"मागची बाजू हलकी झाली की काय होतं ते."

तो हसला. "तुला माहितीये, तेव्हा कसं वाटलं होतं? स्टिअरिंग एकदम मऊ झालं. हातात काही उरलंच नाही. इतकं छान मला पुन्हा कधी वाटलं नाही बघ."

"काय बोलतोयस?"

"खरं तेच. उगाच मला बिचारा करून मांडू नकोस तिथे. भांडायचंय तर तुझ्या नावावर भांड." आणि मग दुसऱ्या कुणाला तरी, "क्लच, क्लच दाबा काका!"

फोन बंद झाल्यावरही ती तो कानालाच लावून बसली. छान वाटलं होतं... जाळीत अडकलेली तिची बोटं नंतर कुणीतरी एकेक करून सोडवली होती — आणि आत, गाडीत, त्याला छान वाटत होतं?

दुपारी मोठे साहेब आले. शिल्पकाराने मॉडेलवरचं कापड दूर ओढलं आणि सगळ्यांच्या नजरा त्या पाठीवरून घरंगळत खाली गेल्या. तिचीही गेली. सुंदर होती, नाही कशाला म्हणू?

"वारेबाईंचं काय म्हणणं?" साहेबांनी विचारलं. म्हणजे नाव तिथवर पोचलं होतं.

'साहेब, माझा भाऊ...' हे वाक्य इतकी वर्षं तयार होतं, की ते आपोआप ओठांवर आलं. तिने ते गिळलं. त्याच्या जागी काहीच नव्हतं.

"हमरस्त्यावर वेगात असताना पुढचा अचानक आडवा आला," ती म्हणाली, "तर ही गाडी मागून सुटेल. पट्टी लावल्याशिवाय मी हिला ठीक म्हणणार नाही."

"एका पट्टीसाठी सगळं अडवणार?" शिल्पकार.

"हो."

"आणि आम्ही ठीक म्हटलं तर?" साहेबांचा आवाज अगदी मऊ होता.

"तुम्ही म्हणा. माझ्या तोंडून यायचं नाही."

साहेबांनी डिकीच्या कडेवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली माती पाहिली, आणि "बघू" म्हणून ते बाहेर पडले. मागोमाग बाकीचे. शिल्पकाराने तिच्याकडे न बघता कापड पुन्हा मॉडेलवर ओढलं.

बघू. म्हणजे काय, ते उद्या कळेल, किंवा पट्टीविना गाड्या रस्त्यावर आल्यावर कळेल, किंवा तिचं टेबल दुसऱ्या मजल्यावर हलल्यावर. ती जिना उतरली. तिला राग आला होता, आणि तो साहेबांवरचा नव्हता, शिल्पकारावरचाही नव्हता. दादावरचा होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्याच्या गुडघ्याकडे बघत, त्याच्यासाठी हळू चालत काढलेली एवढी वर्षं... छान वाटलं होतं म्हणे! वाटू दे. तुला वाटलं, तुझ्यासारख्या आणखी कुणाला वाटेल, तरीही मी ती चाकं खालीच दाबून धरणार, तुला विचारून नव्हे, तुझ्यासाठी नव्हे. बाहेर उन्हात सगळे चहाला निघाले होते, कुणीतरी तिला हाक मारली, आणि ती जिन्याच्या कठड्याला धरून तशीच उभी राहिली — हा राग इतक्यात उतरू नये, एवढंच तिला वाटत होतं.